पहिल्या ओळीनंतर

सावकाश केलं की सगळी लागतात हो, घाई केली की फक्त पहिलंच लागतं, असं ग्रंथपालबाई फोनवर म्हणाल्या आणि मी हं हं करत समोरच्या कागदावर चौकोन काढत राहिले. तक्रार ऐकताना मी चौकोन काढते, नाहीतर तोंडातून काहीतरी वाकडं जातं. आमचं ऑफिस ग्रंथालयांसाठी प्रोग्राम करतं. पुस्तक परत आलं की त्याच्या पाठीवरचे पट्टे लाल दिव्याखाली धरायचे, नंबर आपोआप मशीनमध्ये जातो, मशीन म्हणतं जमा. एकेक पुस्तक धरलं तर जमा व्हायचं. पण सकाळी दार उघडल्या उघडल्या पेटीतून चाळीस पुस्तकं निघतात, तेव्हा बाई काय प्रत्येकाला ओवाळत बसणार आहेत? त्या सटासट दहा धरायच्या. पहिलं जमा. उरलेली नऊ जणू कधी परत आलीच नाहीत. मग ज्यांनी पुस्तक इमानानं आणून दिलं त्यांनाच पत्र जायचं, की तुम्ही पुस्तक दिलं नाहीत. काल एक म्हातारे गृहस्थ ते पत्र घेऊन आले, बाई सांगत होत्या, भांडले नाहीत, काही नाही, नुसते म्हणाले, मी तुमच्या हातात दिलं होतं. मला फार लाजल्यासारखं झालं हो, बाई म्हणाल्या. मी म्हटलं, आज दुपारपर्यंत करून देते, आणि फोन ठेवून मास्तरांना हाक मारली.

मास्तर म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात नवे आणि सगळ्यात वयस्कर. बावन्नाव्या वर्षी भूगोल शिकवणं सोडून ते हे शिकले. कोणी म्हातारचळ म्हणालं, मीही एकदा म्हणाले असेन. पण मन लावून करतात. पुस्तकं जमा करून घ्यायचा भाग गेल्या महिन्यात त्यांनीच नव्यानं लिहिला होता. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले, दहा ओळी वाचल्या आणि मला चूक दिसली. दिसली म्हणजे काय, डोळ्यात खुपली. मी तिथल्या तिथे सुरू झाले. माझी जीभ तिखट आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मी त्यांना सांगितलं ते असं. बाहेरून जे काही येतं, कीबोर्डावरचं अक्षर असो की पुस्तकाचा नंबर, ते एकामागोमाग एक प्रोग्रामकडे येतं. त्या येण्याला आपण इनपुट स्ट्रीम म्हणतो. ती एकच असते. ती वाचायला आपण एक वाचणारा नेमतो, आणि हा वाचणारा जात्याच हावरट. तुम्ही एक ओळ मागा, तो तिथे साचलेलं सगळं उचलून आपल्या बादलीत घेतो, पुन्हा खेप नको म्हणून. त्याला दोष नाही. फक्त तोच वाचणारा पुढच्या कामालाही हाताशी हवा. म्हणून त्याला एकदाच नेमायचं, ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे सगळा प्रोग्राम ज्यात नांदतो त्यात, कायमचं घर द्यायचं, आणि ज्या ज्या फंक्शनला, म्हणजे कामाच्या एकेका तुकड्याला, काही वाचायचं आहे त्याच्या हाती तोच द्यायचा. तुम्ही काय केलंत, प्रत्येक फंक्शनमध्ये नवा वाचणारा नेमलात आणि काम संपल्यावर त्याला निरोप दिलात. पेलाभर पाणी हवं म्हणून नळावर गेलेल्या माणसानं बादली भरून घ्यायची, पेलाभर प्यायचं, आणि बादली मोरीत ओतून निघून जायचं. मागून दुसरा येतो तेव्हा नळ कोरडा. सावकाश केलं तर बादलीत पेल्यापुरतंच पडतं म्हणून चालतं. घाई करणाऱ्याचं सगळं वाहून जातं. आणि मास्तर, मी म्हणाले, कुठे चूक झाली असं कोणी सांगत नाही. कुठे लाल अक्षरं येत नाहीत. ज्यानं दिलं त्याला वाटतं दिलं, ज्याला मिळालं नाही त्याला वाटतं आलंच नाही.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा कपाळावर सरकवून, शाळेत पालकांशी बोलत असतील तसे, हळू म्हणाले, "मॅडम, रागावू नका. हे मी आपल्या नमुन्यांच्या फोल्डरमधून जसंच्या तसं घेतलं. तुम्हीच म्हणाला होतात, नीटनेटकं कसं लिहावं ते त्यात बघा म्हणून." आणि त्यांनी ती फाइल उघडून दाखवली. सगळ्यात वर, जिथे आम्ही कोणासाठी काय लिहिलं ते टिपून ठेवतो, तिथे माझ्याच हातची तीन शब्दांची ओळ होती. बाबांसाठी, रोज पाचला.

मला वाटतं मी बरं म्हणाले. बरं, बघते, असं काहीतरी. जागेवर येऊन बसले, पाणी प्यायले. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ते असं. पण तेव्हा मला तेवढंच सुचलं, की अगं बाई, चूक आपलीच निघाली, मास्तरांची माफी मागायला हवी. पुढचं अजून पोचलं नव्हतं. ठेच लागल्यावर दुखायला एक क्षण जातो ना, तसा तो क्षण होता. मी पेला खाली ठेवला. आणि मला बाबांची बोटं आठवली.

बाबा टेलिप्रिंटरवर होते, म्हणजे इथे टाइप केलेला मजकूर तारेवरून दुसऱ्या गावी उमटवणाऱ्या मशीनवर. बत्तीस वर्षं. एका मोठ्या वर्तमानपत्राच्या मागच्या खोलीत, जिथे मशीनच्या आवाजात माणसाचा आवाज ऐकू येत नसे. लहानपणी आई मला घेऊन डबा द्यायला जायची तेव्हा बाबा पाठमोरे दिसायचे, मान सरळ, कोपर अंगाला चिकटलेले, आणि बोटं अशी चाललेली की बोटं म्हणावीत की पाऊस. त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं की चांगला ऑपरेटर लाइन मिळेपर्यंत थांबत नाही. लाइन पाचला मिळणार असेल तर साडेचारलाच बसायचं आणि सगळा मजकूर कागदाच्या अरुंद फितीवर भोकं पाडून तयार ठेवायचा. पाच वाजले, लाइन लागली, की फीत मशीनच्या तोंडात द्यायची आणि खुशाल उठायचं. फीत आपली आपण जाते. पलीकडे शेवटपर्यंत सगळं उमटतं. त्यांना त्याचा फार अभिमान. ते बोलायचेही तसेच. तुमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर हजर. मी म्हणायचे, बाबा, मला आधी विचारू तरी द्या. ते म्हणायचे, तू काय विचारणार ते मला ठाऊक आहे, उगाच वेळ कशाला घालवायचा. माझ्या लग्नाला नको म्हणतानाही मी नाव सांगायच्या आधीच ते नको म्हणाले होते, आणि चार वर्षांनी मी बॅग घेऊन दारात उभी राहिले तेव्हा मी काही सांगायच्या आधीच ये म्हणाले होते. असा माणूस, आणि त्याच्याच घशात गाठ निघाली.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. आवाजाची पेटी काढून टाकायची, नाहीतर औषधं द्यायची आणि बघायचं. बाबा म्हणाले, बघू. मी म्हणाले, कापू. पंधरा दिवस मी त्यांच्या मागे भुंग्यासारखी लागले होते. आकडे सांगितले, कागद दाखवले, आईला पुढे केलं, रडले, एकदा तर म्हणाले की तुम्हाला आमच्यापेक्षा तुमचं बोलणं प्यारं आहे. हे मी म्हणाले. ते फॉर्मवर सही करताना बोलले ती त्यांच्या आवाजात मी ऐकलेली शेवटची वाक्यं. "कर तुझं खरं. आवाज गेल्यावर कोणाला ओरडणार आहे मी?" हसत म्हणाले की रागानं, ते मला तेव्हाही कळलं नाही. ऑपरेशन नीट झालं, सगळे म्हणाले उत्तम झालं. आणि अकराव्या महिन्यात ते गेले. गाठ दुसरीकडे निघाली होती. म्हणजे आवाजही गेला आणि माणूसही.

त्या अकरा महिन्यांत मला एकच गोष्ट हवी होती. त्यांनी मला माफ केलंय का. बस. पण हे असं तोंडावर विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. आईजवळ ते पाटीवर लिहायचे, पाणी, पंखा, दार लाव, आणि पुसायचे. रविवारी मी जायचे तेव्हा पाटी मांडीवर असायची, पण आम्ही दोघं त्या पाटीकडे न बघता क्रिकेट बघायचो. फोनची ती पिटुकली अक्षरं त्यांच्या बोटांना जमेनात. वैतागून त्यांनी फोन उशीखाली सारला. मग मी माझ्या अकलेप्रमाणे प्रोग्राम लिहिला. खरं तर बाजारात शंभर गोष्टी मिळतात. पण नाही, मीच करणार, माझ्या बाबांसाठी मी करणार. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. त्यांच्या खोलीत जुना कॉम्प्युटर बसवला, जाड बटनांचा कीबोर्ड शोधून आणला, आणि तीन प्रश्न माझ्या आवाजात भरून ठेवले. मशीन दिवसभर चालू राहणार आणि रोज पाच वाजता माझा आवाज बोलणार. बाबा, मी बोलतेय. काय हवंय तुम्हाला? त्यांनी लिहायचं. मग, कुठे दुखतंय का? त्यांनी लिहायचं. मग तिसरा प्रश्न, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप होता. अजून काही सांगायचंय? तो मी अकरा वेळा रेकॉर्ड केला. कधी रडका यायचा, कधी सरकारी. प्रत्येक प्रश्नाला एक फंक्शन, प्रत्येक फंक्शनला आपापला वाचणारा, कोणी कोणावर विसंबलेलं नाही, इतकं सुबक की मी ते नमुना म्हणून ऑफिसात ठेवलं. एक मिनिट वाट बघून उत्तर आलं नाही तर पुढच्या प्रश्नाकडे जायचं आणि शेवटी तिन्ही उत्तरं माझ्या फोनवर पाठवून पडदा कोरा करायचा.

मी फोन काढला. सगळे निरोप अजून आहेत, पुसायचं धाडस झालं नाही. हवं, पाणी. दुखणं, उत्तर नाही. अजून काही, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी हवं, काही नको. दुखणं, उत्तर नाही. अजून काही, उत्तर नाही. बोटानं वर वर सरकवत गेले, सात महिने तेच. रोज पाच वाजून तीन मिनिटांनी फोन थरथरायचा आणि मी मीटिंगमध्ये असले तरी टेबलाखाली बघायचे. एक शब्द पहिल्या प्रश्नाला. पाणी, चादर, पेपर, काही नको. बाकी मुकाट. मी मनाशी म्हणायचे, ठीक आहे, कामापुरतं बोलतात माझ्याशी. मी त्यांचा आवाज घेतला, त्यांनी मला न बोलून दाखवलं. इतका हट्टी माणूस. आणि रविवारी त्यांच्याशेजारी बसून मॅच बघताना मी आतल्या आत धुमसायचे, की एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं? शेवटी शेवटी मी रविवारीही उशिरा जायला लागले. हे सांगायची लाज वाटते, पण गेले मी उशिरा.

सगळ्या सात महिन्यांत एकदाच तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं होतं, ते जायच्या नऊ दिवस आधी. त्या दिवशी पहिल्याला काही नको, दुसऱ्याला हात, आणि तिसऱ्याला, सगळं सांगितलं आहे. रोज तेच काय विचारतेस. ते वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले होते. सगळं सांगितलं आहे म्हणजे सही करताना जे बोलले तेच. त्यापलीकडे तुला द्यायला माझ्याकडे काही नाही, असं मी वाचलं. ते गेले त्या दिवशीही मला रडू फुटलं नाही, ते याच ओळीमुळे. आठ महिने झाले, ती ओळ माझ्या छातीवर बसून आहे.

मास्तरांना म्हटलं मी घरी जातेय. त्यांनी का विचारलं नाही. एवढंच म्हणाले की पुस्तकांचं मी करतो, समजलंय मला, एकच वाचणारा ठेवायचा आणि सगळ्यांना तोच द्यायचा. मी म्हटलं हो, तेवढंच. चार ओळींचं काम. बसमध्ये खिडकीपाशी बसले आणि स्वतःशी वकिली सुरू केली. कशावरून ते आधी लिहून ठेवत होते? कदाचित खरंच एकच शब्द लिहीत असतील. मी प्रोग्राम तपासला होता की. वीसदा तपासला होता. आणि मग मीच मला पकडलं. तपासताना मी काय केलं होतं, शहाण्या मुलीसारखी प्रश्न संपेपर्यंत थांबले, मग उत्तर लिहिलं, मग पुढच्या प्रश्नाची वाट बघितली. ज्यानं जन्मात कधी प्रश्न संपेपर्यंत वाट बघितली नाही, त्याच्यासाठी लिहिलेला प्रोग्राम मी माझ्या शिस्तीनं तपासला. बसमध्ये समोर एक माणूस मुलीचा बूट बांधत होता. गाठ सुटत होती, तो पुन्हा बांधत होता, आणि ती मुलगी मजेत वरून त्याच्या टकलावर बोटं वाजवत होती. मी तोंड फिरवलं. पण अजून एक आशा होती. अशी कसली आशा असते देव जाणे, की आई म्हणेल, छे गं, ते कुठे काय लिहायचे, बसायचे नुसते. आपण क्रूर ठरावं, बाप अबोल ठरावा, पण ते शब्द झालेच नव्हते असं ठरावं, अशी मी बसमध्ये प्रार्थना करत होते.

आईनं दार उघडलं आणि घड्याळाकडे बघितलं. कामाच्या दिवशी दोन वाजता मी कधी येत नाही. तब्येत बरी आहे ना, नोकरी आहे ना, हे दोन प्रश्न तिनं डोळ्यांनी विचारले, मी मानेनं हो म्हटलं, आणि तिनं कॉफी ठेवली. गेले आठ महिने आमचं असंच चाललंय. भांडण नाही, तंटा नाही, पण आई माझ्याशी पाहुण्यासारखी वागते. कप बशीतून देते. मी समजत होते दुःख आहे, निवळेल. बाबांच्या खोलीत कॉम्प्युटरवर तिनं जुना पडदा शिवून घातला होता, इस्त्री केलेला. मी कॉफीचा कप हातात धरून, त्यात बघत, शक्य तितकं सहज विचारलं, की बाबा पाच वाजता लिहायचे ना, ते पाचला बसायचे की आधी?

"पाचला? साडेचारलाच," आई म्हणाली. मग तिनं सांगायला सुरुवात केली, कारण कोणी विचारलं नव्हतं एवढंच, सांगायचं तिच्याजवळ होतं. चार वाजले की ते तोंड धुवायचे, शर्ट बदलायचे. घरात बसल्या जागी शर्ट कशाला, तर ड्यूटीवर बसायचं असल्यासारखं. खुर्ची ओढायचे. आणि मग जी बोटं चालायची. अर्धा अर्धा तास. आवाज स्वयंपाकघरात यायचा. मला बाई तो आवाज ऐकून बरं वाटायचं, आई म्हणाली, घरात कोणीतरी बोलतंय असं वाटायचं. पाचला पाच कमी असताना उठायचे, हात झटकायचे असे, गेलं म्हणून, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. मग पाचला तुझा आवाज खोलीत सुरू व्हायचा. कुठे दुखतंय का. अजून काही सांगायचंय. खोलीत कोणी नसायचं. मी म्हणायचे हिला काय वेड लागलंय, सगळं लिहून ठेवलंय तर विचारते कशाला.

मी विचारलं, तू वाचलंस का कधी, पडद्यावर दिसत असेल. आई म्हणाली, नाही. बापलेकीचं होतं, मी कशाला डोकावू? मी चहाकॉफी ठेवायला जायचे ती सुद्धा भिंतीकडे बघत. मी म्हटलं, आणि ते शेवटचं, सगळं सांगितलं आहे, ते? आई जरा ओशाळली. ते मी दाबलं, म्हणाली. त्या दिवशी त्यांच्या हाताला सलाईन होतं. त्यांनी पाटीवर लिहून दिलं आणि मला खुर्चीवर बसवलं. मी एकेक अक्षर शोधून दाबलं, तुझा आवाज थांबला की दाबायचं, पुन्हा थांबला की दाबायचं, घाम फुटला मला. त्यांनी एवढंच लिहून दिलं होतं, सगळं सांगितलं आहे. पुढचं, रोज तेच काय विचारतेस, ते मी माझ्या मनानं घातलं. मला राग आला होता तुझा.

मग मात्र ती थांबली नाही. तिनं पदराला हात पुसले आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "त्यांनी एवढं लिहिलं आणि तू एकालाही उत्तर दिलं नाहीस. रविवारी यायचीस आणि टीव्ही बघून जायचीस. ते तुझ्या तोंडाकडे बघत बसायचे, मी बघितलंय. मी त्यांना एकदा विचारलं, काय लिहिता एवढं, तर त्यांनी पाटीवर लिहिलं, तिचं उत्तर आलं की दाखवतो. तेवढ्यावर मी गप्प बसले. मेल्यावर तरी ही बोलेल असं वाटलं, पण तू रडलीसुद्धा नाहीस. मी म्हटलं, माझ्या पोटी दगड जन्माला आला."

मी आईला सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. इनपुट स्ट्रीम वगैरे शब्द आईला काय कळणार, आणि मला तरी तेव्हा कुठे कळत होते. मी म्हटलं, आई, ते आलंच नाही. मशीन पहिली ओळ घ्यायचं आणि बाकीचं फेकून द्यायचं. माझ्यामुळे. मी चुकीचं लिहिलं होतं. मला रोज फक्त पाणी असं यायचं. मला वाटायचं ते माझ्याशी बोलत नाहीत. मी फोन पुढे केला, तिनं सरकवून बघितलं, उत्तर नाही, उत्तर नाही, उत्तर नाही. बराच वेळ सरकवत होती. "एकही नाही?" तिनं विचारलं. मी म्हटलं एकही नाही. कुठे साठलेलं असेल, ती म्हणाली, तुम्ही लोक सगळं साठवता ना? मी म्हटलं, नाही गं. ते कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं. हातात आलं आणि सांडलं. तेव्हा तिनं उठून माझं डोकं पोटाशी धरलं आणि मी आठ महिन्यांचं रडले. ती रडत नव्हती. ती माझ्या केसांवरून हात फिरवत नुसतं म्हणत होती, म्हणजे त्यांनी वाट बघितली गं. म्हणजे त्यांनी उगाच वाट बघितली.

नंतर मी बाबांच्या खोलीत गेले, पडदा काढला आणि मशीन चालू केलं. का, ते विचारू नका. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. पण हाताला काम हवं होतं आणि मला दुसरं येतं तरी काय? तीन फंक्शनमधले तीन वाचणारे काढून टाकले. एकच ठेवला, ऑब्जेक्ट जन्माला येतानाच नेमलेला, शेवटचा प्रश्न संपल्यावरच निरोप घेणारा, आणि तिघांच्याही हाती तोच दिला. पाच मिनिटं लागली. सात महिने आणि पाच मिनिटं. कीबोर्डावरची काही बटनं गुळगुळीत झाली होती. मी त्यांच्यावर बोटं ठेवून बसले. कोणती झिजलीत ते बघून कोणते शब्द असतील याचा अंदाज करायला लागले, तेव्हा माझी मलाच भीती वाटली, आणि मी तो नाद सोडला. काय लिहिलं असेल? शिव्या घातल्या असतील तरी चालल्या असत्या. पण शिव्या घालायला कोणी शर्ट बदलत नाही. आणि उत्तराची वाटही बघत नाही.

साडेचार वाजले होते. मी खुर्ची पुढे ओढली, कोपर अंगाला लावले, आणि बाबांसारखी कोणाची वाट न बघता लिहायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत काही नको. दुसऱ्या ओळीत, हो. मग तिसरी. वाटलं होतं पानंच्या पानं लिहीन. लिहिलं आणि खोडलं, पुन्हा लिहिलं आणि खोडलं. पाचला पाच कमी असताना मी उठले, आणि मलाही हात झटकावेसे वाटले, पण झटकले नाहीत. बाहेर पायरीवर जाऊन बसले. पायरी एका जागी खोलगट झाली आहे. पाच वाजले आणि मागच्या खोलीत माझा आवाज बोलला. बाबा, मी बोलतेय. काय हवंय तुम्हाला? सव्वा वर्षापूर्वीचा माझा आवाज, किती टवटवीत, किती खात्री असलेला. यावेळी कुठे मिनिटभराची शांतता पडली नाही. प्रश्नामागून प्रश्न सरळ गेले, उत्तरं तयारच होती. आत टेबलावर ठेवलेला माझा फोन थरथरला.

आई तो घेऊन बाहेर आली. तिनं चष्मा लावलेला होता. कोणाचं आलं, तिनं विचारलं. मी म्हटलं, माझंच. बाबांना उत्तर लिहिलं. "मग दाखव," आई म्हणाली, आणि पायरीवर माझ्याशेजारी टेकली. ते दाखवणार होते तिला. मी उघडून दिलं. तिनं एकेका शब्दाखाली बोट धरून, जसं त्या दिवशी दाबलं असेल तसं एकेक अक्षर लावत, मोठ्यानं वाचलं. हवं, काही नको. दुखणं, हो. अजून काही, बाबा, तुमचं मला काहीच मिळालं नाही. मी पण रोज वाट बघत होते. मला माफ करा.

वाचून झाल्यावर आईनं बोटानं पडदा वर सरकवला, खाली सरकवला, आणखी काही आहे का ते बघितलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "त्यांनी अर्धा अर्धा तास लिहिलं होतं."